खड्ड्याच्या मापाचा ओटा

नामाने मुरमाची शेवटची पाटी दारात उपडी केली आणि घाम पुसत आत डोकावला. "बाबा, भरू ना मग?"

घराच्या मधोमध मागाचा खड्डा होता. आदल्या दिवशी नामाची रांगती लेक चिंधी त्याच्या काठाशी पोचली, खाली वाकली, आणि तिच्या आईने, आवडीने, पिठाच्या हातानेच तिचा पाय पकडला. तेव्हापासून आवडीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"भर की," हिरामण म्हणाला. तो खड्ड्यातच पाय सोडून बसला होता. "माग गेला. आता खड्ड्याला काय पुजायचं हाय?"

लढाईपायी सूत मिळेनासं झालं, तसा त्याने माग उतरवला आणि साळ्याचं ते घर लेकाच्या संसाराला मोकळं केलं. मागाच्या दोऱ्या लोंबायच्या त्या वाशाला चिंधीची झोळी आली. खिडकी तेवढी जुनीच राहिली, जमिनीपासून वीतभर उंचीवर. खड्ड्यात बसलेल्याच्या कापडावर उजेड पडावा म्हणून ती तिथं काढलेली. जोतंही ठेंगणंच. ओल असली की धागा तुटत नाही, म्हणून सगळं घर मातीला धरून बांधलेलं. भातशेतीवाल्या घरातून आलेल्या आवडीला पहिल्यांदा ते बसलेल्या म्हशीसारखं दिसलं होतं.

लग्नानंतर पहिल्याच जेवणाला तिने सासऱ्याला पाट मांडला, तर हिरामण ताट उचलून खड्ड्यापाशी गेला आणि पाय खाली सोडून जेवला. आपल्या हातचं पंगतीला बसून खाण्याजोगं नाही, असं समजून ती चुलीपाशी रडत बसली. नामा हसत सुटला. "अगं येडे, बाबाला मांडीच घालता येत नाय. जन्म गेला खड्ड्यात बसून पायानं मागाच्या पावड्या दाबण्यात, आता गुडघे दुमडत नायत."

मुरमाचा ढीग बघताना तिला तेच आठवलं.

"मामंजी, जेवायला कुठं बसाल?"

"उभ्यानं जेवीन. घोडं नाय का जेवत?"

"घोडं लाथा बी मारतं," नामा म्हणाला.

"मारल्याच की जन्मभर. नशीब तुजं, मधी पावड्या होत्या."

हिरामण हसला, पण खड्ड्यातले पाय त्याने काढले नाहीत.

आवडीने सरपणातली एक काठी घेतली. "पाय जरा बाजूला घ्या, मामंजी." काठी तळाला टेकवून तिने ती काठाच्या रेषेत मोडली आणि नवऱ्यापुढे धरली.

"मुरूम दाराबाहेर डाव्या अंगाला टाका. एवढा उंच ओटा घालायचा. खड्ड्याला ओढ्याकडची माती आणा."

"म्हंजे आणखी पाट्या?"

"तुमी नुसत्या वाहा. चोपायचं मी बघते. बांध घालतच मोठी झालेय."

"सुटीचा दिस माजा," असं पुटपुटत नामा ओढ्याकडे गेला.

माती आली तेव्हा हिरामण भिंतीला धरून उठला, खाली उतरला. तळाला त्याच्या टाचांनी पडलेल्या दोन खळग्या होत्या. त्याने त्यांतली धूळ हाताने पुसून काढली, वर आला आणि पहिली ओंजळ स्वतः टाकली. "टाक रं," तो म्हणाला.

ओटा वाळेपर्यंत तो खरंच भिंतीला टेकून उभ्याने जेवला. मग एका संध्याकाळी आवडीने सारवलेल्या ओट्याच्या टोकाला त्याचं ताट ठेवलं. तो बसला, पाय सोडले. टाचा अलगद जमिनीला लागल्या.

"बराबर आलंय गं."

"मीठ का?"

"मीठ बी."

ती आत वळली तर चिंधी दाराच्या उजव्या अंगाच्या खिडकीशी उभी होती. खिडकी नेमकी तिच्याच उंचीची. दोन्ही मुठींत गज धरून पहिल्यांदाच उभी राहिली होती ती, आणि बाहेर बघत होती. आवडी तिच्यामागे वाकली. तिथून आजोबाचे नुसते पायच दिसत होते. जेवता जेवता ते चालले होते, उजवा दाबला की डावा वर, डावा दाबला की उजवा वर.

तव्यावरची भाकरी करपू लागली होती. आवडी वाकलेलीच राहिली.