पडून लागलं

रुखमाच्या कपाळातून रक्त उसळत होतं आणि चिंधू कंपाउंडर जखम दाबून धरत होता. कुऱ्हाडीच्या दांड्याचा घाव भुवईपासून केसांपर्यंत उभा बसला होता.

"कसं लागलं?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता कागदावर लिहूनही टाकलं, 'पडून लागलं.' पवनीकडच्या त्या लहानशा दवाखान्यात हाच रिवाज होता. पोलिसांची कटकट नको, बाईला पुन्हा मार नको.

"पडली नाही मी," रुखमा म्हणाली. "नवऱ्यानं मारलं. शेताच्या धुऱ्याच्या भांडणात त्यानं सख्ख्या भावाचा हात कुऱ्हाडीनं तोडला, अन् मळणीयंत्रात गेला म्हणून सांगत होता. मी आज ठाण्यात खरं सांगतलं. वापस येताना वाटेतच धरलं मले."

तिने बटव्यातून पेपरचं कात्रण काढलं. "पेपरात इचारलं होतं मी. त्यायनं लिवलं, 'खरं बोला.'"

चिंधूने कात्रण ओळखलं. ते सदर त्याचंच होतं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी भंडाऱ्यात निघालेल्या साप्ताहिकात तो टोपणनावाने लोकांना काय करावं ते सांगायचा. हे ठाऊक असलेले, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे तागडे सर चिडायचे, "नीतिशास्त्र न वाचता सल्ले देता? कर्तव्य मोठं की परिणाम, एवढं तरी ठरवा!"

"ठेच लागलेल्याले पायाची हाडं मोजाले लावू काय, सर?" म्हणून हा चहाच्या टपरीवर हशा पिकवायचा. मोठा शहाणा! आता त्याला स्वतःची शिसारी आली.

"लिवणाऱ्याचा राग येते काय?" त्याने चाचरत विचारलं.

"राग कायचा? खरं बोलावं, हे मले अगुदरच मालूम होतं. पण सांगणारा संगं कुठी होता?"

हा प्रश्न तागडे सरांनीही कधी विचारला नव्हता.

तेवढ्यात दार लाथेने उघडलं. दारात नत्थू, तिचा नवरा, हातात तोच दांडा.

"काय सांगून राहिली वं याले?"

दांडा रुखमाच्या डोक्यावर उतरणार तोच चिंधूने हात आडवा घातला. हाड कट्कन मोडलं. नत्थूने दुसरा घाव त्याच्या खांद्यावर घातला, तिसरा बरगडीत. मग बाहेरच्या चार रोग्यांनी त्याला फरशीवर आपटून वर बसकण मारली, तेव्हा कुठे तो थांबला.

चिंधू भिंतीला धरून उठला. उजवा हात नुसता लोंबत होता.

"मीच लिवलं होतं ते, बाई," तो म्हणाला. "ठाण्यात आता संगं येतो."

रुखमा त्याच्याकडे बघत राहिली.

त्याने डाव्या हाताने 'पडून लागलं' खोडलं आणि 'नवऱ्याने मारलं' लिहायला घेतलं. कागद टेबलावरून सारखा सरकत होता. रुखमाने एका हाताने स्वतःची जखम दाबली आणि दुसऱ्या हाताने कागद धरून ठेवला.