रुंद चाकं आणि चांगुणाचं मुसळ

मी एक जुनी, बसकी, हिरव्या रंगाची मोटार आहे, मित्रांनो. बसायला जागा दोघांचीच, डोक्यावर दुमडता येणारा कापडी टप आणि मागच्या चाकांवर दोन फुगीर मडगार्डं. दोन्ही गालांत लाडू धरून बसलेल्या मुलासारखी मी दिसते, असं माझ्या मालकांची मुलगी कोकिळा म्हणायची. माझा जन्म विलायतेतला. शर्यतीत धावण्यासाठी मला घडवलं होतं, हे मी कित्येक वर्षं ज्याला त्याला ऐकवत असे. आता ऐकवत नाही. का, ते सांगते.

बोटीतून मी मुंबईला उतरले. एका गोऱ्या इंजिनिअरनं मला गुळगुळीत रस्त्यांवर पळवलं, माझे लाड केले आणि मायदेशी परतताना विकून टाकलं. मग या हातातून त्या हातात फिरत मी चिखलीजवळच्या एका खेड्यात, उत्तमरावांच्या गोठ्याशेजारी येऊन उभी राहिले. उत्तमराव मोठे शेतकरी, अंगानं भरभक्कम, बोलायला तिखट. पहिले पंधरा दिवस आजूबाजूच्या गावांतून माणसं मला बघायला यायची. मी नुसती फुलून गेले होते.

पण काळ्या जमिनीला कौतुक कळत नाही. माझी चाकं अरुंद. पावसाळा सरला तरी आमचा रस्ता लवकर सुकत नाही, आणि त्यात माझी मागची चाकं पोटापर्यंत रुतायची. पहिल्याच वर्षी मला तीनदा बैलजोडी लावून ओढून काढलं. येणारेजाणारे हसायचे. मला बैलांचीच जास्त लाज वाटायची, कारण गोठ्यात परतल्यावर रात्रभर त्यांच्याच शेजारी उभं राहायचं असे.

शेवटी उत्तमराव विटले. "दसऱ्याले हे धड चालली तं चालली," ते म्हणाले, "नाही तं दिवाळीच्या आत भंगारात." खामगावचा एक भंगारवाला येऊन माझ्या पत्र्यावर टिचक्यासुद्धा मारून गेला. मित्रांनो, मी फार घाबरले.

कोकिळा ही उत्तमरावांची मुलगी. मॅट्रिकला होती. तिनंच वडिलांना इंद्रभानचं नाव सुचवलं. इंद्रभाननं दहा वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात काढली होती आणि नुकतंच चिखलीच्या वेशीवर घरापुढेच गॅरेज टाकलं होतं. त्यानं मला चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाला, "वजन मागं पडते, भाऊ, म्हणून मागूनच रुतते. मागची चाकं रुंद करू."

त्यानं मागच्या दोन्ही चाकांच्या लोखंडी रिमा मधोमध कापल्या, मध्ये तीन बोटं रुंदीची पट्टी घातली आणि पुन्हा जोडून घेतल्या. त्यांवर लिलावात मिळालेले रुंद टायर चढवले. इतकी वर्षं पोकळ असलेले माझे गाल खरोखरच भरले. इंद्रभाननं टायर आणि मडगार्डाची कड यांच्यात बोट घालून पाहिलं. बरोबर बोटभर जागा. "बसलं," तो म्हणाला. मीही मनातल्या मनात तेच म्हणाले. इथंच आम्ही दोघं चुकलो.

दसरा उजाडला. उत्तमरावांच्या आई, मनकर्णाबाई, यांनी कुंकू पाण्यात चांगलं घट्ट कालवलं आणि माझ्या दोन्ही मागच्या टायरांच्या बाहेरच्या अंगावर मोठी स्वस्तिकं काढली. झेंडूचा हार घातला. मग सारे चिखलीला नातेवाइकांकडे सोनं वाटायला निघाले. पुढं उत्तमराव आणि त्यांच्या पत्नी गीताबाई. मागं, दुमडलेल्या टपावर, मनकर्णाबाई, कोकिळा आणि सणाला माहेरी आलेल्या आत्या कौशल्याबाई. शिवाय आपट्याच्या पानांची टोपली.

पहिला चिखल मी न रुतता ओलांडला. आत टाळ्या वाजल्या. पण पुढं नाल्याच्या उतारावर मी दबले आणि मागून घर्रर्र आवाज आला. रबर जळाल्याचा वास सुटला. मग प्रत्येक खड्ड्यात तेच. उत्तमराव थेट इंद्रभानच्या दारात आले.

इंद्रभानचाही तो मोठा दिवस होता. सहा वर्षांपूर्वी याच दिवशी त्यानं आणि त्याची बायको चांगुणा हिनं नागपूरला दीक्षा घेतली होती. बुद्धवंदना करून दोघं नुकतीच घरी आली होती, अंगावर पांढरेशुभ्र कपडे. सगळे माझ्यातून उतरले. इंद्रभाननं बोट घालून पाहिलं.

"बोटभर जागा हाय, भाऊ."

"मंग घासते काऊन?" उत्तमराव कडाडले. "मडगार्ड कापून टाक. नाही तं सोमवारी भंगारवाल्याले बोलावतो."

कापून टाक! माझ्या अंगावर मिरवण्यासारखं तेवढंच तर होतं. इंद्रभाननं छिन्नी आणली. कुठून कापायचं ते चाचपायला त्यानं मडगार्डाखाली हात घातला. हात बाहेर काढला तर पांढऱ्या बाहीवर लाल पट्टा.

"कुंकू टायरावर होतं. वरच्या कडेले कसं लागलं?" तो स्वतःशीच पुटपुटला.

चांगुणा दारातून बघत होती. "पाच जणं उतरले ना आता? तुमी मोजली तवा किती बसले होते?"

इंद्रभाननं रिकाम्या गाडीकडे पाहिलं. कोणीच बसलं नव्हतं. लष्करात दोघांच्या गाडीत दोघंच बसतात. आमच्या भागात दोघांची गाडी म्हणजे पाचांची, हे तो दहा वर्षं बाहेर राहून विसरला होता.

"आजी, पुन्हा बसा बरं."

"आत्ताच तं उतरली मी, बापा," म्हणत मनकर्णाबाई चढल्या. पाठोपाठ बाकीचे चढले. मी दबले, आणि बोटाच्या जागी नखही जाईना. अडत होती ती फक्त आत वळलेली पत्र्याची कड. इंद्रभाननं छिन्नी खाली ठेवली. तेव्हा मला किती हायसं वाटलं, ते मला सांगता येणार नाही.

"कापत नाही. दुमडतो," तो म्हणाला. "चांगुणा, मुसळ आण."

रंग फुटू नये म्हणून चांगुणानं गरम पाण्यात भिजवलेली पोती माझ्या मडगार्डांवर घातली. सगळ्यांना खाली उतरवून इंद्रभाननं टायर आणि कड यांच्यात मुसळाचं निमुळतं टोक सरकवलं, मग उत्तमराव सोडून बाकीच्यांना पुन्हा बसवलं. उत्तमराव मला ढकलायला लागले आणि त्यांच्या जागी ज्वारीची दोन पोती ठेवली गेली. चाक इंचाइंचानं फिरलं, मुसळ वर दाबलं गेलं आणि कड कण्हत कण्हत वर दुमडून पत्र्याला चिकटली. मग दुसरी बाजू. दुखलं, पण रंगाचा टवकाही उडाला नाही.

आता परीक्षा. मनकर्णाबाईंनी कुंकू मागितलं. "आमच्या घरी कुंकू नाही, आजी," चांगुणा म्हणाली. "भिंतीले पोतलेला चुना उरला हाय. चालन?"

"चालते. खूण तं दिसन."

टायरांना ओला चुना फासला. पाचही जण बसले आणि मी नाल्यापर्यंत जाऊन आले. कुठं आवाज नाही, वास नाही. उत्तमरावांचा विश्वास बसेना. त्यांनी आपल्या काळ्या कोटाची बाही मडगार्डाखाली घालून सगळीकडून फिरवली. बाही काळी ती काळीच निघाली. त्यांनी टोपलीतली आपट्याची पानं घेतली, इंद्रभानच्या हातात दिली आणि त्याला मिठी मारली. चुना, कुंकू, ग्रीस, सगळं एकमेकांच्या कपड्यांना लागलं. सोमवारी भंगारवाला आला नाही.

त्याला आता आठ वर्षं झाली. शेतीला ट्रॅक्टर आला. मी गोठ्याशेजारी पोत्याखाली उभी असते आणि कोंबड्या माझ्या गादीवर अंडी घालतात. माझी तक्रार नाही. आता मी शर्यतीची नाही, त्या दिवशी पाच जणांना नेल्याची बढाई मारते. फक्त महिन्यातून एकदा मला थोडं पुढंमागं करत जा, मित्रांनो, एका जागी उभं राहून टायर चपटे होतात. आणि कधी कोणी मला मापायला आलं, तर त्याला रिकामी मापू देऊ नका. आधी सगळे बसा. आजीलाही बसवा.