रक्त सांडणारी शिळा

बोरगावात त्या शुक्रवारी सकाळी नऊलाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. सौंसरहून आलेल्या बसच्या टपावर माणसं, बैलगाड्यांत माणसं, भिंतींवर माणसं. संत्र्याची तोड थांबवून मजूरही आले होते. मारुतीच्या पारावर शिळानाथ महाराज बसले होते आणि भोंगा त्यांचा आवाज शेतापलीकडे पोचवत होता.

"दवाखान्यातली सुई रक्त घेते. माझी शिळा रोग घेते. नाव सांगा, रोग सांगा, पुढचं शिळा सांगेल."

सन १९८४. मी, जयश्री, तेव्हा सौंसरच्या दवाखान्यात नर्स होते. मी दर्शनाला आले नव्हते. क्षयाच्या इंजेक्शनला येणारे माझे सात रोगी महिन्याभरात यायचे थांबले होते. त्यांचा माग काढत मी बोरगावला पोचले, तर सातांतले तीन रांगेतच दिसले.

प्रकार असा होता. महाराजांसमोर झेंडूच्या फुलांनी भरलेलं मोठं ताट. त्या फुलांतून ते मुठीएवढी काळी शिळा काढत, रोग्याच्या नावानं एका पांढऱ्या खरबरीत पाटीवर घासत आणि वर तीर्थ टाकत. काळा ओघळ आला तर देवी रुसली, पुढच्या शुक्रवारी साडीचोळी घेऊन या. लाल ओघळ आला तर शिळेनं रोग प्याला. मग औषध घेणं म्हणजे देवीवर अविश्वास.

लाल ओघळ निघाला की गर्दी नाचायची. रांगेतल्या दादारावांच्या गुडघ्याचा रोग असा निघाला, तेव्हा त्यांनी पारावरच चार उड्या मारून दाखवल्या. नंतर दोघांनी त्यांना उचलून घरी नेलं, पण ते पाहायला कोणी थांबलं नाही.

रांगेत यमुनाबाई होती, सोबत तिचा मुलगा सुखदेव, त्या तिघांतला एक. सव्वीस वर्षांचा गडी, छातीची फासळी न् फासळी मोजून घ्यावी. यमुनाबाईनं बावीस वर्षं मँगनीजच्या खदानीत दगड निवडण्याचं काम केलेलं.

"मावशी, याची सुई काऊन बंद केली?" मी विचारलं.

"मागच्या शुक्रवारी लाल निघालं नं, सिस्टरबाई. पण खोकला वाढूनच रायला. तेच विचाराले आली."

"तो दगड आहे हो. दगड काय रोग पिणार?"

"तुमी पुस्तकं शिकल्या. म्या डोयानं रगत पाह्यलं. मंग ते कुठून आलं, सांगा."

काळ्या दगडातून लाल रंग कसा येतो हे मलाही ठाऊक नव्हतं.

त्यांची पाळी आली. महाराजांनी फुलांतून शिळा काढून यमुनाबाईच्या हातात दिली. "पोराच्या छातीला लाव. श्रद्धा कमी पडली तुझी."

तिनं शिळा लावली. परत देताना ती थबकली. आपली बोटं पाहिली, अंगठा चोळून पाहिला.

"महाराज, पहिल्या शुक्रवारी काळं निघालं, तवा बी मले शिळा छातीले लावाले देल्ली होती. घरी तीन डाव राखेनं हात धुतले, तरी बोटं काळीच. आज तं बोटं साफ हायेत."

"देवीची लीला आहे, बाई."

"लीला नाही. पोराच्या काळजीत तवा ध्यान गेलं नाही माह्यं. बोटाले काळं लागते तो मँगनीज. हा नाही लागत, हा लोहादगड हाय. दिसाले काळा, घासला का लाल. निवडताना असा आला का आमी बाजूले फेकत होतो, नाही तं मुकादम बोंबले." तिनं गर्दीकडे तोंड केलं. "कोनाच्या बी नावानं घासा, लालच निघन."

नवसाचं बोकड धरून उभा असलेला भाऊराव म्हणाला, "माह्या बोकडाच्या नावानं घास बरं."

तिनं घासलं. लाल.

"माह्या सायकलीच्या नावानं," सायकल टेकवून उभा असलेला चिंधू म्हणाला.

लाल.

कुठूनतरी हसू फुटलं आणि पसरत गेलं. भोंग्याच्या नावानं लाल. ग्रामसेवकाच्या छत्रीच्या नावानं लाल. "आता महाराजांच्या नावानं घास," एक म्हातारी ओरडली. तेही लाल निघालं, तेव्हा माणसं पोट धरून खाली बसली.

"शिळेचा कोप होईल," महाराज भोंग्यातून म्हणाले.

"कोनत्या शिळेचा?" यमुनाबाईनं शांतपणे विचारलं. "दुसरी फुलात हाय नं?"

मी पुढे होऊन ताट उपडं केलं. झेंडूबरोबर दुसरा दगड घरंगळला, तसाच काळा, तेवढाच. त्यानं माझी बोटं काजळासारखी माखली. पाटीवर त्याची रेघ काळी उमटली.

महाराज नागपूरच्या बसमध्ये कधी चढले, कोणाला कळलंच नाही, कारण सगळ्यांना दगड घासायचे होते. बायकांनी ओढ्यातून, बांधावरून, घरामागून दगड आणले. यमुनाबाई पाटी घेऊन पारावरच बसली. एक दगड नखानं खरवडला, तिनं शंखजिरं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दगडानं काचेवर चरा पाडला, ती म्हणाली गारगोटी. एकावर लिंबू पिळलं तर तो फसफसला. "हा चुनखडी. याच्या अंगात देव आला म्हनू नका आता," ती म्हणाली आणि पुन्हा हशा झाला.

सुखदेवही हसत होता. हसता हसता त्याला उबळ आली आणि ती थांबेना. रुमालावर लाल ठिपका उमटला. तो कुठून आला, हे कोणाला विचारावं लागलं नाही.

यमुनाबाईनं पाटी बाजूला ठेवली. "सिस्टरबाई, सुई अजून लागू होईन का?"

"होईल. पण पहिल्यापासून घ्यावी लागेल. आणि मधे सोडायची नाही."

"म्या सोडू देत नाही."

सातांतले सहा परत आले. सातवी प्रमिला. तिची रेघ पहिल्याच शुक्रवारी लाल निघाली होती. मी तिच्या दारी पोचले, तेव्हा तिला जाऊन चार दिवस झाले होते. सुखदेव मात्र पुढच्या हंगामात संत्र्याच्या पेट्या उचलू लागला.

नंतर यमुनाबाई आमच्या दवाखान्याच्या ओसरीवर बसून नव्या रोग्यांना सांगायची, "दगडाले त्याचंच विचारा. तू जड का हलका, नरम का कडक, घासला का कोनता रंग देतं. तो कधी खोटं बोलत नाही. मानसाच्या छातीत काय हाय ते त्याले मालूम नाही. त्यासाठी थुंकी तपासा."

माझंही एवढंच सांगणं आहे. चमत्कार दिसला तर नमस्काराआधी तो हातात घ्या, घासून पाहा, पुन्हा घासून पाहा. आणि तुम्हाला घासू न देणारा भेटला, तर आपलं औषध घेऊन सरळ घरी या.