अकरा तुकडे

स्वतःच्याच वाजवण्याची नक्कल करायची वेळ माणसावर यावी, हा काय प्रकार झाला? सळईकाका गेले दहा दिवस तेच करत होते आणि जमत नव्हतं म्हणून घरादारावर खेकसत होते.

सळईकाका हे नाव वादकमंडळींनी ठेवलेलं. मांडीवर आडवी गिटार, उजव्या हाताच्या बोटांत नख्या आणि डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत सळई. ती तारांवरून सरकवली की स्वर रडतो, रुसतो, लाडात येतो. साध्या गिटारीसारख्या बोटं दाबायच्या पट्ट्या हिला नसतात. नुसत्या खुणा रंगवलेल्या असतात, आणि त्यांच्यावर भरवसा ठेवणारा दोन दिवसांत उघडा पडतो. सळई नेमकी कुठे थांबवायची ते कानाने ठरवायचं. चाळीस वर्षं काका ते ठरवत आले होते, आणि त्या बाबतीत त्यांना शिकवायला जायची कोणाची छाती नव्हती.

भानगड केली ती लेकीने. बँड तिचा. ती गायची, चाली बांधायची, आणि ध्वनिमुद्रण झालं की कॉम्प्युटरपुढे बसून कापाकापी करायची. नव्या गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये काकांनी एक लांब स्वर वाजवला होता, खालून उचलून चार मात्रा ओढत पार वर नेऊन ठेवलेला. वाजवून झाल्यावर त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले होते. गाणं बाहेर आलं, तर त्या जागी काय? टटटटटटट! काकडी चिरावी तसा स्वर चिरून ठेवलेला.

आणि लोकांना नेमकं तेच आवडलं! रस्त्याने जाताना लोक तोंडाने टटटट करायला लागले. मग एका मोठ्या नाट्यगृहात कार्यक्रम ठरला.

"मी तिथे लांब स्वरच वाजवणार," काका म्हणाले. "मूळ तोच आहे."

"नको बाबा. लोक टटटट ऐकायला येणार आहेत."

"मग ते कोण वाजवणार?"

लेक जरा घुटमळली. "तेवढा भाग मशीनवरून सोडू ना. तुम्ही नुसते बसा आणि सळई हलवा. कोणाला कळतंय?"

नुसते बसा! काकांची कानशिलं तापली. "हे बघ, माझ्या जागी मशीन वाजलं तर मी खुर्ची सोडली असं समज. कायमची! तुझं ते टटटट मी हाताने वाजवून दाखवतो, नाहीतर घरी बसतो. मग तू मोकळी."

"वाजवा ना बाबा, मग तर सोन्याहून पिवळं!" लेक म्हणाली आणि तिने चक्क सुटकेचा निःश्वास टाकला. एवढं सुटल्यासारखं तिला का वाटलं, हे काकांच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

बोलून तर बसले, पण करायचं कसं? आधी नुसत्या अंगठ्याने भराभर वाजवून पाहिलं. दोन मिनिटांत कोपरापासून हात लाकूड झाला. मग अंगठा आणि मधलं बोट आळीपाळीने, एकाच तारेवर. वेग आला, पण पोलादी तार ती, वाजली की वाजतच राहते. एक ठोका विझायच्या आत दुसरा त्याच्या अंगावर, आणि तुकडे पडायच्या ऐवजी नुसता गलका. तळहाताची कड तारेवर टेकवून मध्ये मध्ये आवाज मारून पाहिला, तर वेग पळाला.

"अहो," आतून बायको ओरडली, "ते दार उघडा तरी कोणीतरी! सकाळपासून ठकठक चाललीये."

"माझ्या जिवावर बेतलंय आणि तुला विनोद सुचतायत!"

"जिवावर नाही, माझ्या डोक्यावर बेतलंय," ती म्हणाली.

बँडचा ड्रमवाला म्हणजे काकांचा तीस वर्षांचा दोस्त. त्याला सगळे ठोक्या म्हणत. त्याने उपाय काढला, "सळ्या, गिटारीला दारावरच्या घंटेचं बटण बसव. दाबलं की आवाज बंद, सोडलं की चालू. एक स्वर छेडायचा आणि बटण टकाटका दाबत सुटायचं."

"वाजवायचं मी की इलेक्ट्रिशियनने?" काका म्हणाले. ठोक्या हसला आणि गप्प बसला. एरवी तो असा लवकर गप्प बसणारा नव्हे.

शेवटी गुरुकिल्ली सापडली ती नख्यांतच. तार छेडायच्या आधी नखीचं टोक तिच्यावर क्षणभर टेकवायचं. टेकवलं की आधीचा आवाज मरतो, उचललं की नवा निघतो. म्हणजे मारणारीही नखी आणि जगवणारीही नखी. अंगठ्याने मारायचं, अंगठ्यानेच जगवायचं, मग बोटाने मारायचं, बोटानेच जगवायचं. सुरुवातीला बोटांची एकमेकांत भांडणं लागली. चौथ्या दिवशी समेट झाला, आणि पाचव्या दिवशी भर दुपारी काकांच्या गिटारीतून सणसणीत, सुटे सुटे तुकडे बाहेर पडले. आनंदाच्या भरात त्यांनी बायकोला हाक मारली. ती आली, तिने ऐकलं आणि म्हणाली, "हां, आता कसं! आता दार वाजल्यासारखं नाही वाटत."

आता फक्त तुकडे मोजायचे राहिले होते. लोकांच्या तोंडात बसलेली जागा आहे, एक कमी-जास्त झाला तरी पकडतील. काकांनी फोनवर गाणं लावलं, वेग अगदी मंद केला आणि कानाला लावून बसले. एक, दोन, तीन… अकरा. पण मोजता मोजता भलतंच ऐकू आलं. पहिल्या तुकड्याच्या आधी त्यांच्या खुर्चीची बारीकशी कुरकुर होती. स्वर उचलताना ते पुढे वाकले असणार. दुसऱ्या तुकड्याआधीही तीच कुरकुर. तिसऱ्याआधीही. अकराच्या अकरा वेळा.

खुर्ची काही अकरा वेळा कुरकुरली नसणार! म्हणजे लेकीने आख्खा स्वर चिरलेलाच नव्हता. सुरुवातीचा, खालचा, चिमूटभर तुकडा घेतला होता आणि तोच अकरा वेळा चिकटवला होता. मग पुढचा स्वर गेला कुठे? ती ओढ, ते वर चढणं, ज्यापायी डोळे भरून आले होते, त्यातलं कणभरसुद्धा तिने का घेतलं नाही? गाणं बाहेर काढायची घाई असेल, फॅशन असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण समजूत काही पटेना.

दुसऱ्या दिवशी तालीम होती. टायरच्या दुकानाच्या वर बँडची खोली होती. भिंतींना जुन्या सतरंज्या ठोकलेल्या, खिडकीत पंखा. खोलीत तिघंच होती. लेक माइकपुढे, ठोक्या ड्रमवर आणि काका खुर्चीत. गाणं त्या जागी आलं, काकांनी नख्या टेकवल्या आणि सोडल्या. अकरा! एक कमी नाही, एक जास्त नाही. ठोक्याने काठ्या वर फेकल्या. लेकीने धावत येऊन त्यांच्या गळ्यात हात टाकले.

"बाबा, काय वाजवलंत! मशीन झक मारेल!" तिला शब्द पुरेनात. "आपण असं करू, बाकीच्या गाण्यांतही तुमच्या लांब जागा आहेत ना, तिथे सगळीकडे हेच ठेवू. किती छान होईल!"

सगळीकडे. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी तिचे हात हळूच सोडवले.

"मूळ वाजवलेलं लाव," ते म्हणाले. "न कापलेलं."

"ते कुठेय आता? पुसलं मी."

"तू काही पुसत नाहीस. लहानपणची चित्रंसुद्धा जपून ठेवलीयेत तू. लाव!"

तिने ठोक्याकडे पाहिलं. ठोक्या म्हणाला, "जाऊ दे ना सळ्या, छान जमलंय, चहा पिऊ." तसे काका त्याच्यावर एवढ्या जोरात ओरडले की खालच्या दुकानातली हातोडी थांबली. लेकीने निमूटपणे कॉम्प्युटर उघडला.

काकांनी डोळे मिटले. कुरकुर झाली, स्वर उचलला गेला, चढत चढत वर गेला आणि तिथे स्थिर उभा राहिला. काय सुरेख! त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. स्वरच बिघडला असेल, हा वेडा संशय कुठून शिरला होता डोक्यात?

"हे तू टाकून दिलंस?" ते हसत म्हणाले. "अगं, आयुष्यात याहून चांगलं मी वाजवलेलं नाही!"

त्यांनी डोळे उघडले. लेक कीबोर्डकडे पाहत होती. ठोक्या झांजेचा घट्ट स्क्रू आणखी घट्ट करत होता.

"परत लाव," काका म्हणाले.

तिने परत लावलं. परतही तो स्वर त्यांना तितकाच सुरेख वाटला, आणि आता मात्र त्यांनी हातातली सळई खाली ठेवली.

"किती चुकलंय?"

"खाली अगदी बरोबर असतं, बाबा. वर गेलं की…"

"उतरलेलं असतं," ठोक्या त्यांच्याकडे न पाहता म्हणाला. "पाव सूर. कधी थोडं जास्त."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली," लेक म्हणाली. "मी ध्वनिमुद्रणात नीट करून घेत होते. कार्यक्रमात तुमचा आवाज थोडा कमी ठेवत होते. यावेळी नीट होईना, म्हणून कापलं. मला तुम्हाला बँडबाहेर काढायचं नव्हतं, बाबा. म्हणून नाही सांगितलं."

दोन वर्षं! इतके कार्यक्रम, इतक्या टाळ्या, आणि हा माणूस आपल्याच तोऱ्यात डोलत बसलेला! काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागावायलाही कोणी उरलं नव्हतं. मग त्यांनी सळई उचलली.

"तू सांग," ते म्हणाले. "मी सरकवतो, तू थांब म्हण."

त्यांनी तार छेडली आणि सळई वर नेली. जिथे कान म्हणाला तिथे थांबले.

"अजून वर," लेक म्हणाली.

त्यांनी रेसभर सरकवली.

"अजून… अजून थोडी… थांबा. हां, इथे."

"इथे?"

"हो. अगदी इथे."

काकांनी पुन्हा तार छेडली. कानात काच घासल्यासारखं झालं. चाळीस वर्षांत असा बेसूर आवाज त्यांनी आपल्या हाताने कधी काढला नव्हता. सळई मागे ओढून घ्यायला हात नुसता शिवशिवत होता. पण ती तिथेच धरून त्यांनी समोर पाहिलं. लेकीने डोळे मिटून घेतले होते, आणि ठोक्याच्या तोंडून अगदी नकळत "वा" निघून गेलं होतं.