पेटीचा वास

माझ्या सासूबाईंना, चांगुणाबाईंना, पुणतांब्यात कुणी नावानं हाक मारत नसे. मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं त्यांनी संगीत शिकवलं, त्यामुळे लहानथोरांच्या त्या 'बाई'च होत्या. मी त्यांना आत्या म्हणायचे. त्यांचे वडील सहादू जलशात पेटी वाजवायचे. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरातले देव गोदावरीत सोडले आणि रिकाम्या झालेल्या फळीवर पेटी ठेवली. त्याच पेटीवर आत्या शिकल्या. रेल्वेत गँगमन असलेला नवरा गेला तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. दोन मुलगे एकटीनं वाढवले. आमच्या घरात भाजी कुठली करायची इथपासून कुणी कुठली नोकरी धरायची इथपर्यंत शेवटचा शब्द त्यांचाच असायचा. नातवंडांना त्या स्वतःच्या हातानं भरवायच्या, एका ताटात कालवून, ओळीनं. कोपरगावला, संगमनेरला लग्न होऊन गेलेल्या त्यांच्या विद्यार्थिनी दिवाळीला माहेरी आल्या की आईबापाच्या आधी आमच्या दारात यायच्या.

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. रक्त, पू, ओकारी यांचं मला काही वाटत नाही. पण एका गोष्टीची किळस माझ्या अंगातून अजून गेलेली नाही.

निवृत्तीनंतर आत्या फक्त एका मुलीला तिच्या घरी जाऊन शिकवत. ज्ञानेश्वरी तिचं नाव. पाटापलीकडे उसाच्या मधोमध तिच्या वडिलांचा, श्रीमंतरावांचा बंगला होता. श्रीमंतराव साखर कारखान्याचे संचालक, आणि माझा धाकटा दीर संदीप त्याच कारखान्यात हंगामी कामाला. पण आत्या जायच्या त्या पोरीच्या गळ्यासाठी. "माधुरी, एवढा सच्चा सूर मी दुसरा ऐकला नाही," असं त्या मला कितीदा तरी म्हणाल्या असतील. आठवड्यातून दोनदा, उन्हातान्हात, दोन किलोमीटर पायी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर मला सुट्टी असेल त्या दिवशी मी सोबत जाऊ लागले.

बंगल्यातली पेटी पुण्याहून आणलेली, भारीतली होती. ती सारखी बिघडायची. चार वर्षं हे चाललं होतं. पट्ट्या फुगायच्या, आतले पितळी सूर हिरवे पडायचे, आणि भाता हलवला की एक आंबट, उग्र वास यायचा. आत्या मांडी घालून बसायच्या, पेटी उघडायच्या, एकेक सूर काढून पदरानं पुसायच्या, बारीक पॉलिश पेपरनं घासायच्या.

"उंदीर मुतत असत्याल," ज्ञानेश्वरीची आजी झुंबरबाई ओट्यावरून म्हणायची. "उसातलं घर. उंदीर लई."

आत्यांनी आपल्या घरून डांबराच्या गोळ्या नेल्या आणि पातळ फडक्यात बांधून पेटीत ठेवल्या. आम्हाला तिथं चहा कपबशीतून मिळायचा. बंगल्यावरची माणसं सुधारलेली आहेत, असं मी दवाखान्यात चारचौघींना सांगितलंसुद्धा होतं. ते आठवलं की अजून माझा मलाच राग येतो.

शहाण्णव सालचा जानेवारी होता. नगरला जिल्ह्याची गायनस्पर्धा आठ दिवसांवर आली होती, आणि पेटीची साथ आत्याच करणार होत्या. त्या दिवशी शिकवणी संपवून आम्ही पाटापर्यंत आलो आणि आत्यांच्या लक्षात आलं की चष्मा बंगल्यावर राहिला. आम्ही मागं फिरलो.

ओट्यावर पेटी उघडी होती. आम्ही बसलो होतो ती सतरंजी गोळा करून अंगणात टाकली होती. झुंबरबाईच्या हातात तांब्या होता आणि ती तुळशीच्या डहाळीनं पेटीवर गोमूत्र शिंपडत होती. पट्ट्यांवर, भात्यावर, आत. आणि पेटीचं झाकण दोन्ही हातांनी धरून ज्ञानेश्वरी उभी होती. ती गुणगुणत होती. आत्यांनी तासाभरापूर्वी शिकवलेली तान, एकही सूर न चुकता.

"आजी, आत नको गं एवढं जाऊ देऊ," ती म्हणाली. "सूर खराब होतात. मग बाई मलाच विचारत बसतात."

मला वाटलं आत्या ओरडतील. त्या ओट्याच्या पायरीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "ज्ञानेश्वरी, माझा चष्मा राहिलाय."

पोरीच्या हातून झाकण सुटलं. झुंबरबाई मात्र जागची हलली नाही.

"तुमाला कोन काय बोललं का, बाई? घरात देव हायेत आमच्या. रीत हाय ती. तुमच्यावर राग न्हाई आमचा."

"किती दिवस?" आत्यांनी विचारलं. प्रश्न आजीला नव्हता.

ज्ञानेश्वरीनं मान खाली घातली. "पहिल्यापासून."

"मी ते पदरानं पुसत होते," आत्या म्हणाल्या. "आणि घरी जाऊन याच हातानं पोरांना भरवत होते."

चष्मा खिडकीत होता. मीच वर जाऊन घेतला. पाटाच्या कडेला आल्यावर मी खाली बसले. मी ओकत होते आणि आत्या माझी पाठ चोळत होत्या. मग त्यांनी हात मागं घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि पाटाच्या पाण्यात कोपरापर्यंत धुतला.

घरी कळल्यावर माझा नवरा नितीन लगेच चपला घालायला लागला. "ॲट्रॉसिटीची केस करू. आत्ताच्या आत्ता जातो ठाण्यात."

संदीप पायातले बूट काढत म्हणाला, "म्हातारं माणूस, जुन्या वळणाचं. एवढं काय त्यात? माझं नाव यंदा कायमच्या यादीत लागायचंय, दादा."

मला त्याच्याकडे बघवेना. झुंबरबाईची किळस आली होती, पण हा तर आमच्या ताटात जेवणारा.

आत्या म्हणाल्या, "केस केली तर कोर्टात मला ते दर तारखेला सांगावं लागंल. मला ते तोंडातसुद्धा घ्यायचं नाही. कुणी कुठं जायचं नाही." त्या संध्याकाळी त्यांनी नातवंडांना भरवलं नाही. ताट माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः चमच्यानं चार घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीमंतरावांची जीप आली. पेढ्यांचा पुडा त्यांनी दारातल्या स्टुलावर ठेवला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"म्हातारीचं मनावर घेऊ नका, बाई. आम्ही कुणी तसलं मानत नाही. पोरीची स्पर्धा तोंडावर आलीय. ती रडतीय कालपासून."

"आत या," आत्या म्हणाल्या. "माधुरी, चहा टाक."

"चहा नको. आज उपास आहे माझा."

"उपासाला चहा चालतो."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. आत्या सावकाश म्हणाल्या, "ज्ञानेश्वरीला शिकायचं असलं तर इथं पाठवा. या चटईवर बसंल, आमच्या माठातलं पाणी पिईल. गाताना घसा कोरडा पडतो, पाणी लागतंच."

"बघतो," ते म्हणाले आणि गेले. ती येणार नाही हे त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं.

वळून बघते तो संदीपनं पुडा फोडलेला. पेढा त्याच्या तोंडात होता.

"थुंक," आत्या म्हणाल्या.

"आई, अन्न आहे ते—"

"थुंक म्हणते ना."

बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. तो दाराबाहेर जाऊन मोरीत थुंकला. उरलेला पुडा आत्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढं टाकला.

ज्ञानेश्वरी आली नाहीच. दुसरा साथीदार घेऊन ती नगरला गायली आणि पहिली आली. पेपरात फोटो छापून आला, खाली तिचे शब्द होते: 'या यशाचे श्रेय माझ्या गुरू चांगुणाबाई यांना.' गल्लीतले लोक पेपर घेऊन पेढे मागायला आले. आत्यांनी पोस्टकार्ड घेतलं आणि पेपरवाल्यांना लिहिलं, 'सदर मुलगी माझी शिष्य नाही. कृपया दुरुस्ती छापावी.' दुरुस्ती काही छापली नाही. त्यांनी दुसरं कार्ड लिहिलं, तिसरं लिहिलं. मग सोडून दिलं.

उन्हाळ्यात त्यांनी स्टेशनजवळच्या विहारात शिकवणी सुरू केली. आमच्या वस्तीतल्या अकरा मुली, पुढे गावातल्या तीन. त्या तिघींना त्यांनी पहिल्याच दिवशी माठ दाखवला आणि पाणी पिताना समोर उभ्या राहून पाहिलं. मला ते कठोर वाटलं. पूर्वीच्या आत्या असं कधी करत नसत. त्या माणसांवर भाबडा विश्वास टाकायच्या, आणि तोच त्या बंगल्यावर नासला होता. संदीपला कायम केलं नाही. त्यानं आईशी बोलणं टाकलं, चूल वेगळी मांडली. आत्या नातवंडांना पुन्हा भरवू लागल्या, पण संदीपची मुलं त्या ओळीत नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात आत्या झोपेतच गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. कुठून कुठून आलेल्या मुली, कडेवर पोरं घेऊन. एकेक उठून बोलत होती. तेवढ्यात मागून ज्ञानेश्वरी पुढं आली. लग्न झालेलं, गळ्यात घसघशीत मंगळसूत्र, डोळे सुजलेले. तिनं फोटोला फूल वाहिलं आणि माईक हातात घेतला.

"माझ्या आजीकडून एक चूक झाली होती," ती म्हणाली. "पण बाईंचं मन नदीसारखं होतं. त्यांनी आम्हाला केव्हाच माफ केलं."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पुढच्या रांगेतून कुणीतरी "खरंय, खरंय" म्हणालं. आजीची चूक! झाकण कुणी धरलं होतं, हे तिथं बसलेल्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं.

मी बसल्या जागेवरून उठले. माझा आवाज माईकशिवाय मागपर्यंत जातो.

"नाही," मी म्हणाले. "त्यांनी माफ केलं नव्हतं. झाकण तू धरलं होतंस, ज्ञानेश्वरी. पहिल्यापासून."

नितीननं माझा हात धरला. ओढून खाली बसवेल असं मला वाटलं, पण तो नुसता धरून राहिला. ज्ञानेश्वरीनं माईक भिंतीला टेकवून ठेवला आणि गर्दीतून वाट काढत बाहेर गेली. संदीप दारात उभा होता. तो मला म्हणाला, "वहिनी, मेलेल्या माणसाच्या कार्यक्रमात तरी घाण करू नका."

पुढची मुलगी बोलायला उठली होती. तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून मी लोकांना गप्प बसायला सांगितलं.