मी दगड, लाडू, बाप्पा की भात?

मी दगड बोलतोय. हसू नका. निदान बोलायला तोंड उघडलं तेव्हा तरी दगडच होतो. शेवटाला कोण असेन ते तुम्हीच ठरवा, माझं डोकं आता चालत नाही. सध्या मुक्काम जर्मनीत, लुडविग्सहाफेनला, तिसऱ्या मजल्यावर, एका लोकरी मोज्यात. मोज्यात का, ते येईलच.

जन्म चीनमधला. शहराचं नाव सांगितलं असतं, पण या घरात तिघं ते तीन तऱ्हेनं घेतात, त्यामुळे खरं कोणतं ते मलाच आठवेनासं झालंय. तिथे कालव्यावर एक जुना दगडी पूल आहे, कमानीचा. त्या कमानीत मी राहायचो. शेजारी सगळे घडीव, चौकोनी, तोंड मिटून बसणारे. मी एकटाच वेडावाकडा, दोघांच्या मधे दाबलेला. मला वाटायचं, मी त्यांचा धाकटा भाऊ, वाढ खुंटलेला. वय विचाराल तर तीनशे सांगेन, चारशेही असेल. पुलाच्या सावलीत एक मास्तर पोरांना शिकवायचे, पण होडी आली की पोरं तिकडे पळायची आणि शाळा सुटायची. त्यामुळे माझी विद्या आकड्यांपर्यंत पोचलीच नाही.

उरलेल्या वेळात खोड्या. होडीवाल्याच्या टोपीवर चिमूटभर माती सोडायची. तो वर बघून कबुतरांना शिव्या द्यायचा. माझ्यापायी कबुतरांच्या किती पिढ्यांनी शिव्या खाल्ल्या असतील!

दोन हजार सहा सालच्या एका रविवारी कमानीखाली, पाण्याच्या काठाला एक नऊवारीतल्या बाई येऊन उभ्या राहिल्या. पायात पांढरे बूट, अंगात मुलाचं जाकीट. या अहिल्याबाई. मुलगा यशोधन इथल्या, लुडविग्सहाफेनच्या, एका रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट. सहा आठवड्यांच्या कामासाठी चीनला निघाला, तर जर्मनीत त्याच्याकडे राहायला आलेल्या आईलाही त्यानं बरोबर नेलं. तो समोरून फोटो काढत होता. बाईंनी पाण्याला हात जोडले, पदराच्या गाठीतून एक नाणं काढलं, पाण्यात टाकलं आणि काहीतरी पुटपुटल्या.

खरं सांगतो, माझा डाव तो फोटोवाला कमानीखाली आला की त्याच्या डोक्यावर माती सोडायचा होता. जरा जास्त जोर लावला आणि मातीऐवजी मीच सुटलो. धप्पकन बाईंच्या बुटापाशी.

मी म्हटलं, आता मार बसणार. बाईंनी मला उचललं आणि कपाळाला लावलं! माझ्या एका बाजूला जरा पोटासारखा फुगवटा, दुसरीकडे वाकडं टोक. बाई त्या टोकाला सोंड म्हणाल्या आणि यशोधनचं लक्ष कॅमेऱ्यात होतं तोवर, त्याला न सांगता मला पिशवीत घातलं.

विमानतळावर मी रव्याच्या लाडवांच्या डब्यात होतो. तिथल्या साहेबानं डबा उघडला, आम्हा सगळ्यांकडे नीट पाहिलं आणि बंद केला. म्हणजे मी लाडू झालो. म्हटलं, चला, आयुष्यात तेवढंच राहिलं होतं.

लुडविग्सहाफेनला आल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीत पाट, पाटावर मी. शेंदूर नव्हता, म्हणून तेलात कुंकू कालवून मला फासलं. सकाळी यशोधन कारखान्यात, सून लतिका तिच्या इन्स्टिट्यूटमध्ये, पीएचडी करायला. दार लागलं की बाई माझ्यासमोर स्टूल ओढायच्या. "बाप्पा, आज काय झालं माहितीये?" खरं तर काहीच झालेलं नसायचं. खालच्या म्हाताऱ्या बाईनं हालो म्हटलं, यांनीही हालो म्हटलं, पुढे दोघींचेही शब्द संपले. एवढंच, पण ते सांगायला यांना अर्धा तास लागायचा. मराठी मी तिथेच शिकलो. आणि एके दिवशी कळलं, त्या दिवशी पाण्यात नाणं टाकून काय मागितलं होतं ते. "बोलायला कुणीतरी दे." एवढंच. आणि वरून मी पडलो.

आता सांगा, कुणाच्या डोक्यात माती टाकायला निघालेल्यानं बाप्पा म्हणून बसावं का? लाज वाटायची. पण साखरेचा नैवेद्य असायचा, म्हणून गप्प बसलो.

महिनाभरानं यशोधननं फोटो कॉम्प्युटरवर घातले आणि एकदम ओरडला, "आई, इकडे ये!" पहिल्या फोटोत बाई हात जोडून, वर कमान. दुसऱ्या फोटोत तीच कमान, मधे भोक. भोकाचा आकार हुबेहूब माझा, सोंडेसकट.

"अगं, हा पुलाचा तुकडा आहे! जुन्या पुलाचा! उद्या कुणी आपल्या गडाचा चिरा पिशवीत घालून नेला तर चालेल तुला?"

"मी काय पहार घेऊन गेले होते? तो आपणहून आला."

"आपणहून पडला, आई. परत द्यायला हवा."

"बाप्पाला परत देतात का रे कुणी?"

आता यशोधन म्हणजे दह्याचा रिकामा डबासुद्धा धुऊन, झाकण वेगळं करून टाकणारा माणूस. तीन रात्री त्याला झोप नाही. शेवटी ठरलं, की मी जुना की कालच्या डागडुजीतला सिमेंटचा गोळा, ते आधी बघायचं. सिमेंट निघालो तर पाटावर राहायचं, जुना निघालो तर परत जायचं. बाई रात्रंदिवस मनात एकच जपायच्या, सिमेंट निघू दे. मीसुद्धा! तीनशे वर्षांची फुशारकी मारणारा मी, आता म्हणत होतो, देवा, मला कालचा कर.

रविवारी ओट्यावर परीक्षा. लतिकानं माझ्या बुडाचा थोडा चुरा खरवडला, त्यावर व्हिनेगर घातलं. चुरा फसफसला.

"आल्झो, म्हणजे चुना आहे," यशोधन म्हणाला. "हा दगडच नाही! दगडांच्या मधला चुना आहे."

हे ऐकून मला घेरी आली. म्हणजे ते घडीव शेजारी माझे भाऊ नव्हतेच.

लतिका म्हणाली, "थांबा. आमच्या लॅबमधली एक चिनी मुलगी सांगत होती, पूर्वी त्यांच्याकडे चुन्यात चिकट तांदळाची पेज घालायचे." तिनं औषधांच्या कपाटातून आयोडीन आणलं, एक थेंब सोडला. तिघंही वाकले. चुरा निळा झाला. गडद निळा.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" लतिका टाळी वाजवून ओरडली. "स्टार्च! म्हणजे जुनाच! अहो आई, याच्या पोटात भात आहे!"

"भात? आणि मी महिनाभर याला साखर दाखवतेय!"

"आता कचऱ्यात टाकायचा झाला तर बिओम्यूलच्या, ओल्या कचऱ्याच्या डब्यात," लतिका नवऱ्याला चिडवत म्हणाली. आणि तो बिचारा क्षणभर खरंच विचार करायला लागला!

बाई मात्र हसल्या नाहीत. मला हातात घेऊन बसल्या. म्हणाल्या, "केवढा भात लागला असेल रे एका पुलाला? कुणीतरी शिजवला असेल. चुलीपुढे बसून, घाम पुसत."

"कामगार असतील, आई."

"असतील ना. पण त्यांनी पुलासाठी शिजवला. माझ्यासाठी नव्हता." मग पदरानं माझ्या तोंडावरचं कुंकू पुसत म्हणाल्या, "ने याला. तिथल्या सरकारी ऑफिसात द्यायचा तर दे, पण आधी त्याच्या पाण्याला लाव. विसर्जन राहायला नको."

यशोधनला पुन्हा चीनला जायचं होतं, मंगळवारी. सोमवारी संध्याकाळी बाई स्टूल ओढून बसल्या, पण बोलेनात. बाप्पा समजून बोलावं की चुना समजून, त्यांनाही कळेना. मलाही कळेना, ऐकावं कसं.

तेवढ्यात लतिका लॅपटॉप बंद करून आली. दुसरं स्टूल ओढलं. "अहो आई, तुम्ही याला रोज काय सांगता हो? मला येता-जाता अर्धवट ऐकू येतं. खालच्या बाईचं पुढे काय झालं?"

"काय व्हायचंय? हालो म्हणते."

"आणि तुम्ही?"

"मीही हालो म्हणते. पण तिचं हालो जरा वरच्या पट्टीत असतं."

लतिका हसली ती थांबेचना. मग बाईही. मग चहा झाला, मग यमुनामावशीच्या लग्नात जिलब्या संपल्या ती गोष्ट झाली, जी मला बाईंनी अकरा वेळा सांगितली होती. लतिकाला बाराव्यांदा. मी पाटावर नुसता बसून. पहिल्यांदा फार राग आला. म्हटलं, माझी नोकरी गेली. नंतर म्हटलं, गेली तर गेली, पोरगी माझ्यापेक्षा बरी ऐकते, मधेमधे "मग?" तरी म्हणते. मला ते कधी जमलं नाही.

आज सकाळी बाईंनी माझ्या डोक्यावर दहीभाताचं शीत ठेवलं आणि यशोधनच्या लोकरी मोज्यात घालून मला बॅगेत ठेवलं. पोटात जुना भात, डोक्यावर नवा. पुढे मला पाणी दाखवून ऑफिसात ठेवणार, की भोकात बसवणार, की काचेच्या कपाटात चिठ्ठी लावून, कोण जाणे. यशोधननं त्या ऑफिसला पत्र लिहिलंय, त्यात मला काय म्हटलंय तेही माहीत नाही. लतिकानं कानात सांगितलं असतं, पण मला कान कुठे आहेत तेच तिला ठाऊक नाही.

तर लतिकाबाई, एक विनंती. यमुनामावशीच्या जिलब्या तेराव्यांदा आल्या तरी "मग?" म्हणा.

आणि बाकीच्यांनो, कधी त्या पुलाखाली आलात आणि डोक्यावर चिमूटभर माती पडली, तर समजा, मी घरी पोचलो. कबुतरांना काही बोलू नका.