छावणीतली खाज

अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य, असं म्हणतात. त्रिंबकाला लेकच नव्हती, मग जावई कुठला? त्यामुळे त्याच्या दुखण्याला औषध मिळालं ते थेट बैलाचं.

दुष्काळाचं साल होतं. दिंद्रुडच्या बाजूला एका सहकारी सोसायटीनं चारा छावणी उघडली होती आणि त्रिंबक दोन बैल, एक गाय घेऊन तिथंच मुक्कामाला होता. बायको तुळजाबाई सोबत. छावणीत जनावराला चारा, जनावराला पेंड, जनावराला पाणी. माणसाला प्यायला तेवढी घागर. अंघोळीचं नाव काढलं की छावणीवर देखरेख करणारा मुंजाजी टँकरच्या तोटीपुढं आडवा उभा राहायचा.

"अनुदान जनावराचं हाय. तुला शिंगं हायत का बे?" असं तो विचारायचा. आता शिंगं नाहीत म्हणून माणसानं रडायचं की काय!

उन्हाळा चढला. घामानं भिजलेली नायलॉनची चड्डी अंगावरच सुकायची आणि अंगावरच पुन्हा भिजायची. गड्यांचा पंचा एकच, बाभळीला टांगलेला. येईल तो त्यालाच अंग पुसायचा. त्रिंबकाच्या जांघेत आधी चुणचुण सुरू झाली, मग गोल लाल चट्टे उठले, आणि मग आग पुढं सरकत पार इंद्रियापर्यंत गेली. सांगताही येईना आणि सहनही होईना.

सोसायटीनं जनावरांसाठी गोचिडाचं औषध वाटलं होतं. ते लावलं की बैल खुंटाला अंग घासायचा थांबतो, हे त्रिंबकानं डोळ्यांनी पाहिलं होतं. बैलाच्या कातडीला चालतं ते आपल्या कातडीला का चालू नये, असा सरळ हिशेब करून एका दुपारी तो कडब्याच्या गंजीआड गेला. पुढं काय झालं ते विचारू नका. गंजीआडून जी आरोळी आली तिनं निम्म्या छावणीतली जनावरं उठून उभी राहिली.

त्या दिवसापासून तो पाय फाकवून चालायला लागला, आणि लोकांच्या जिभा त्याच्यापेक्षा जोरात चालायला लागल्या. मागच्या साली ऊसतोडीला गेलता, तिकडनंच घाण रोग आणला, असं ठरलंही. दुष्काळात सगळ्याचा तुटवडा पडतो, अकलेच्या दिवाळ्याचा मात्र पडत नाही.

तुळजाबाईच्या कानावर ते आलं तेव्हा ती दावणीच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "तोडीला मी बी संगंच होते. आमचा दोघांचा मिळून एक कोयता, रातंदिस एकाच फडात. ह्यो बाहेर गेला कवा, अन् मला दिसला कावून न्हाई?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "उठा. अंबाजोगाईला जायचं."

दवाखान्यात त्रिंबकाला धोतर सोडताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र हसला नाही. चक्कर, उलटी, धाप, काही झालं का ते त्यानं आधी विचारलं, साखर तपासली, मग म्हणाला, "काका, हा बाईकडून आलेला रोग नाही. ही बुरशी आहे. घाम, ओली चड्डी आणि एकमेकांचा पंचा, यावर ती पोसते. वरून तुम्ही विष लावलंत. जिवावर बेतलं नाही हे नशीब."

"आता काय करू?"

"रोज साध्या पाण्यानं धुवायचं. पुढची कातडी हलकेच मागं घेऊन आतूनसुद्धा. साबण घासायचा नाही. मग स्वतःच्या स्वच्छ फडक्यानं टिपून पूर्ण कोरडं करायचं. सैल सुती कपडे, कडक उन्हात वाळवलेले. आधी हे भाजल्यावरचं मलम, ते भरून आलं की हे बुरशीचं. खाज थांबली तरी मी सांगेन तोवर लावायचं. दुकानातून कुठलंही खाजेचं मलम आणू नका. काहींनी बुरशी उलट फोफावते."

"समदं खरं, डॉक्टरसाहेब. पर धुवायला पाणी कुठाय?"

डॉक्टरनं मलमांची चिठ्ठी त्याच्या हातात दिली. "ते मला लिहून देता येत नाही," तो म्हणाला.

ते परत आले तर छावणीत जीप उभी. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव दावणीपुढं उभे होते आणि भोवती सगळे गडी गोळा झाले होते.

"त्रिंबका, बायामाणसांची छावणी हाय ही. असला रोग हितं चालायचा न्हाई. दावं सोड अन् घरी जा."

घरी म्हणजे जिथं कडब्याची एक काडी उरली नव्हती तिथं. त्या अंगणातून बैलांना एकच वाट होती, बाजाराची, आणि दुष्काळात बैल कोण विकत घेतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आतापर्यंत त्रिंबकाला लाज वाटत होती. बैलांकडे बघितलं आणि त्याला संताप आला. पेंड या सोसायटीवाल्यांच्या बापाची, पाणी यांच्या बापाचं, आता माझी जांघसुद्धा यांचीच?

"चेअरमनसाहेब," तो मोठ्यानं म्हणाला, "माझ्या जांघंत खाज हाय. इंद्रियाला बी हाय. घामाची हाय, बुरशीची हाय, ह्या बाभळीवरच्या पंच्याची हाय. डॉक्टरनं मलम दिलं अन् सांगितलं, रोज धुवा. तुमी सांगता, शिंगं दाखवा. मी दावं सोडणार न्हाई. ज्याच्या जांघंत खाज न्हाई, त्यानं म्होरं यावं अन् माझं दावं सोडावं!"

कुणी आभाळाकडे पाहिलं, कुणी चपलेकडे. पुढं कुणी आलं नाही.

"मुंजाजी, सोड बे तू," सुंदरराव ओरडले.

मुंजाजी निघाला. आणि तो निघाला तसं साऱ्या छावणीनं पाहिलं, गडी पाय फाकवूनच चालला होता. खुंट्याशी जाऊन तो वाकायला गेला, अर्ध्यावर कळवळला आणि तसाच ताठ उभा राहिला.

"त्रिंबका," तो म्हणाला, "त्या मलमाचं नाव काय बे?"

बाया फिदीफिदी हसायला लागल्या. तुळजाबाई त्यांच्यावर खेकसली, "हसता काय? लुगडी आणा दोन, आडोसा बांधू." दोन बाया उठल्या, मग दहा.

"हे अनुदानात बसत न्हाई!" सुंदरराव म्हणाले.

"नगं बसू दे," त्रिंबक म्हणाला. "बैल जगवायचा तर बैलवाल्याचं कातडं बी जगवावं लागतं. लिवा तुमच्या वरच्यांना, त्रिंबकानं पाणी वापरलं म्हणून."

मुंजाजीनं स्वतःच्या हातानं तोटी सोडली. बादली भरली. त्रिंबक आडोशाआड गेला, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत. त्यानं डॉक्टरनं सांगितलं तसं सावकाश धुतलं, तुळजाबाईनं लुगड्यावरून टाकलेल्या कोऱ्या फडक्यानं टिपून टिपून कोरडं केलं. बाहेर चेअरमनांची जीप हॉर्न वाजवत होती, कारण धुवायला बादल्या घेऊन थांबलेल्या गड्यांच्या रांगेनं रस्ता अडवला होता. त्रिंबकानं अजिबात घाई केली नाही.